खेळामागील भाषा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, मांडवगण फराटा हे गाव आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातही मांडवगण नावाचे एक गाव आहे. त्यामुळे नावापुढे ‘फराटा’ हा शब्द जोडावयाचे राहिले, तर परगावचा माणूस भलत्याच मांडवगणात जाऊन उतरावयाचा. दोन्ही गावांचे नाव एक, म्हणून त्यांची शेते, त्यांची माणसे व त्यांचे बाजारही एकच असतील, असे कोणी म्हटले तर त्या गावचे शेंबडे पोरही त्याला हसेल.

परंतु हीच मुले मोबाइलवरील ऑनलाइन खेळांविषयी बोलू लागली, की नेमकी अशीच चूक त्यांच्याकडून होते. ‘जावा’ आणि ‘जावास्क्रिप्ट’ ही एकाच भाषेची दोन नावे आहेत, एक पूर्ण नाव आणि एक लाडके नाव, असे कित्येकजण खात्रीने सांगतात. वस्तुतः दोन्ही भाषा १९९५ साली जगापुढे आल्या, एवढेच त्यांच्यातील साम्य मोठे. जावा ही सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा नेटस्केप या दुसऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभा केला. त्या वेळी जावाचा बोलबाला फार होता. म्हणून नव्या भाषेलाही तेच नाव जोडण्यात आले. बाजारात खपणाऱ्या मालाचे नाव आपल्या मालाला द्यावे, त्यातलाच हा प्रकार. त्या नामकरणाला आता तीस वर्षे उलटली, तरी त्यातून निघालेला घोटाळा काही मिटलेला नाही.

ऑनलाइन खेळ ज्या भाषांत रचले जातात, त्यांच्याविषयी असे पुष्कळ समज रूढ आहेत. काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र मुलाच्या उमेदीवर पाणी ओततात, किंवा बापाच्या खिशाला भोक पाडतात. म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मुळात संगणकाची भाषा म्हणजे काय? संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पोटात जो प्रोसेसर असतो, त्याला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही; आणि मौजेची गोष्ट अशी की, जावा किंवा पायथनही कळत नाही. त्याला कळतात त्या केवळ शून्य आणि एक या दोन खुणांनी लिहिलेल्या अगदी बारीकसारीक आज्ञा: हा आकडा उचल, त्यात तो मिळव, आलेली बेरीज अमुक जागी ठेव. अशा लक्षावधी आज्ञा हाताने लिहिणे माणसाला झेपणारे नव्हे. तेव्हा माणसाला सोसेल अशा भाषेत लिहावयाचे, आणि त्याचे भाषांतर करण्याचे काम यंत्रालाच सांगावयाचे, ही युक्ती निघाली. अशा भाषांतरकार आज्ञावलींपैकी अगदी आरंभीची एक अमेरिकेतील ग्रेस हॉपर या विदुषीने १९५२ साली तयार केली. काही भाषांचे भाषांतर, एखादे पुस्तक अगोदर भाषांतरित करून छापावे तसे, आधीच पुरे करून ठेवतात. सी प्लस प्लस ही तशी भाषा आहे. काही भाषांच्या बाबतीत, सभेत दुभाषी शेजारी उभा राहून वाक्यागणिक अर्थ सांगतो, तसे काम ऐनवेळी चालते. पायथनची रीत बरीचशी अशी आहे. तेव्हा माणसाचा विचार यंत्रापर्यंत पोचविण्याची एक ठरीव, काटेकोर रीत, एवढाच संगणकाच्या भाषेचा अर्थ आहे. तिच्यात मंत्रसामर्थ्य नाही.

आता पहिला गैरसमज. ‘हा खेळ कोणत्या भाषेत बनविला आहे?’ हा प्रश्न मुले सर्रास विचारतात. या प्रश्नातच एक चूक दडलेली आहे. एक खेळ म्हणजे एक भाषा, असे त्यात धरून चाललेले असते.

मांडवगण फराट्याच्या परिसरात ऊस पिकतो. ऊस शेतातून साखरेच्या पोत्यापर्यंत कसा जातो, हे तेथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. तोडणीवाला कोयत्याने ऊस तोडतो, वाढे छाटून बाजूला करतो, मोळी बांधतो. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली ती मोळी कारखान्यावर नेते. तेथे काट्यावर वजन होते. मग ऊस गव्हाणीत पडतो, यंत्रात पिळला जातो, रस तापतो, आटतो, आणि शेवटी साखर तयार होते. आता साखर कशाने होते, कोयत्याने की गाडीने, असे विचारणाऱ्याला काय उत्तर द्यावे? कोयत्याने रस निघत नाही आणि गव्हाणीने ऊस तुटत नाही. ज्या जागी जे हत्यार, तेच तेथे चालते.

ऑनलाइन खेळाचेही असेच आहे. पडद्यावर दिसणारे डोंगर, माणसे, पाणी हे सर्व क्षणाक्षणाला रंगविण्याचे काम मोबाइलमधील एक स्वतंत्र चिप करते. तिला सूचना देण्याच्या भाषा वेगळ्या. खेळाडूने बोट फिरविले की पात्राने उडी मारावी, हे नियम लिहिण्याची भाषा वेगळी. दूरच्या शहरात बसून हजारो खेळाडूंचा मेळ घालणारा जो सर्व्हर नावाचा संगणक, त्याची भाषा आणखी तिसरी. आणि कोणाचे किती गुण झाले याची खातेवही ज्या भाषेत चाळतात, ती बहुधा एसक्यूएल नावाची चौथीच असते. मोठ्या खेळाच्या एका कार्यालयात या चारही भाषा जाणणारी माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि त्यांतील प्रत्येकाला दुसऱ्याची भाषा येतेच असे नाही.

याचे एक जवळचे उदाहरण पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या संस्थेने २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. कसरती करणारी राजी नावाची मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात, अशी त्याची मांडणी आहे. राजस्थानी गडांसारखे वाडे, पहाडी शैलीच्या चित्रांची आठवण करून देणारे रंग, कथा पुढे नेण्यासाठी छायाबाहुल्यांचा उपयोग, असे त्यात पुष्कळ काही पाहण्यासारखे आहे. हा खेळ एकट्याने खेळावयाचा आहे. तो ऑनलाइन खेळ नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु खेळ कसा घडतो हे समजून घेण्यास तो उत्तम आहे. त्याच्या कर्त्यांनी सर्व काही मुळापासून लिहिले नाही. त्यांनी ‘अनरिअल’ नावाचे इंजिन वापरले. इंजिन म्हणजे प्रत्येक खेळाला लागणारी सामान्य कामे, जसे उजेड-सावली पाडणे, वस्तू खाली पडणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळणे, आधीच करून ठेवलेला तयार सांगाडा. अनरिअल हे इंजिन एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीचे असून ते सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेले आहे. पण त्यावर काम करणाऱ्याला दोन वाटा मोकळ्या असतात. तो सी प्लस प्लसमध्ये लिहू शकतो, किंवा ‘ब्लूप्रिंट’ नावाच्या रीतीने पडद्यावर चौकटी मांडून त्या रेघांनी जोडू शकतो; त्या चौकटींत ‘दार उघडले तर दिवा लाव’ अशा आज्ञा भरलेल्या असतात. ही दुसरी रीत म्हणजे अक्षरांऐवजी आकृतींनी लिहिलेली भाषाच होय. ती पोरकट आहे असे समजून नाके मुरडणारे लोक आहेत. त्यांनी मोठ्या खेळांच्या कार्यालयांत ती किती वापरली जाते, हे पाहावे.

पुण्यातच सुपरगेमिंग या दुसऱ्या कंपनीने ‘इंडस’ हा अनेकांनी मिळून खेळावयाचा ऑनलाइन खेळ २०२४ साली आणला. तो युनिटी या निराळ्या इंजिनावर उभा आहे. युनिटीत खेळाचे नियम सी शार्प या भाषेत लिहितात, पण त्या इंजिनाचा गाभा मात्र सी प्लस प्लसचा आहे. म्हणजे वरची मजली एका भाषेची, पाया दुसरीचा. एकाच शहरात बनलेल्या दोन खेळांनी दोन निराळे मार्ग धरले. त्यांतील एक शहाणा व दुसरा खुळा, असे ठरविणे शक्य नाही.

तथापि मुलांना आणि मोठ्यांनाही पहिला क्रमांक लावल्याशिवाय चैन पडत नाही. ‘सर्वांत भारी भाषा कोणती?’ या प्रश्नावर शाळेच्या व्हरांड्यात वाद रंगतात. सी प्लस प्लस ही मर्दानी भाषा, पायथन ही पोरासोरांची, आणि जावा तर खेळासाठी अगदीच निकामी, अशी सर्टिफिकिटे तेथे वाटली जातात. यावर एकच उदाहरण पुरे आहे. मार्कस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने ‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळ्यांचा खेळ जावामध्ये लिहिला. २००९ मध्ये तो लोकांपुढे आला, २०११ मध्ये पूर्ण झाला, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ज्या भाषेला निकामी म्हटले जाते, तिच्यात जगातील सर्वांत अधिक खपाचा खेळ जन्मला. पुढे मोबाइल व इतर यंत्रांसाठी त्याच खेळाची दुसरी आवृत्ती सी प्लस प्लसमध्ये लिहिण्यात आली. दोन्ही आवृत्त्यांत ठोकळे तेच, खाणी त्याच, आणि रात्री येणारी भुतेही तीच.

मग भाषांच्या वेगात फरक नसतोच काय? असतो, आणि तो लपविण्याचे कारण नाही. तीच लांबलचक आकडेमोड सी प्लस प्लसपेक्षा पायथनमध्ये करावयाला कित्येकपट अधिक वेळ लागतो. शेजारी दुभाषी उभा असल्याचा हा परिणाम. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची, तर एका चित्रासाठी सेकंदाचा सुमारे साठावा भाग हाती येतो. तेवढ्यात सगळा हिशेब करून चित्र तयार व्हावे लागते. म्हणून चित्रे रंगविणाऱ्या भागासाठी वेगवान भाषा निवडतात, हे योग्यच आहे. चूक होते ती यापुढे. मंद भाषेत मोठा ऑनलाइन खेळ चालूच शकत नाही, असा जो निष्कर्ष लोक काढतात, तो वस्तुस्थितीला धरून नाही.

आइसलंड हा उत्तर अटलांटिकमधील लहानसा बेटवजा देश. तेथल्या सीसीपी या कंपनीने २००३ साली ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. हजारो खेळाडू एकाच आकाशात आपापली याने घेऊन हिंडतात, व्यापार करतात, फळ्या बांधतात आणि लढतात. या खेळाचे नियम मुख्यतः पायथनच्या एका प्रकारात लिहिलेले आहेत. ज्या भागांना वेग हवा तेथे सी प्लस प्लसची मदत घेतलेली आहे. जानेवारी २०१४ मध्ये या खेळात एक लढाई झाली, तिच्यात सात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि ती जवळजवळ एक दिवस चालली. एवढी गर्दी झाल्यावर सर्व्हरला दम लागणे स्वाभाविक होते. त्यावर कर्त्यांनी अगोदरच जो उपाय योजून ठेवला होता, तो मोठा गमतीचा आहे. गर्दी वाढली की खेळातील काळच संथ होतो. दहा सेकंद उलटावीत तेव्हा खेळातले एक सेकंद पुढे सरकते, इतका संथ. सर्वांसाठी सारखाच. अशाने कोणाची आज्ञा हरवत नाही आणि कोणावर अन्याय होत नाही. गर्दीच्या पुरावर मात केली ती भाषा बदलून नव्हे, तर काळ कसा मोजावा याचा नवा विचार करून.

ऑनलाइन खेळ मधेच अडखळला, पात्र जागच्या जागी गोठले, की ‘गेमची भाषाच भिकार’ असा शेरा ऐकू येतो. त्या शेऱ्याची परीक्षा साध्या गणिताने करता येते. प्रकाश मोकळ्या अवकाशात सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. पण इंटरनेटच्या काचेच्या तारांतून तो सुमारे दोन लक्ष किलोमीटर एवढ्याच वेगाने जातो. समजा, खेळाचा सर्व्हर सिंगापुरात आहे. पुण्याहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे चार हजार किलोमीटर. जाऊन येऊन आठ हजार. म्हणजे तारा अगदी सरळ ताणल्या आहेत असे धरले तरी, बोट टेकल्यापासून उत्तर परत येईपर्यंत सेकंदाचे चाळीस सहस्रांश भाग केवळ प्रवासात जातात, आणि तेवढ्या अवधीत पडद्यावरची दोन चित्रे बदलून गेलेली असतात. प्रत्यक्षात तारा समुद्राच्या तळाने वळणे घेत जातात, वाटेत ठिकठिकाणी माहिती थांबते, आणि शेवटी गावातील मोबाइलच्या टॉवरवर त्याच वेळी शंभरजण चित्रपट पाहत असतात. हाच सर्व्हर मुंबईत असेल, तर तारेतील प्रवास दीडदोन सहस्रांशांत आटोपतो. या सगळ्यात भाषेचा वाटा फार थोडा आहे. जगातील कोणत्याही भाषेत लिहिले तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

यापेक्षा घातक समज निराळाच आहे. अमुक भाषा आली, की खेळाच्या पोटात शिरून हवी तेवढी नाणी, हवी तेवढी शस्त्रे मिळविता येतात, असे काही मुलांना वाटते. आणि ‘फुकट नाणी’ देऊ करणारी चोरटी ॲप ती घरच्या मोबाइलवर उतरवून घेतात. हा समज कोठे चुकतो, हे समजण्यास पुन्हा उसाच्या गाडीकडे यावे लागेल. शेतकऱ्याने बांधावर बसून ‘माझा ऊस वीस टन भरला’ असे कितीही वेळा म्हटले, तरी त्याचे बिल तेवढ्याचे निघत नाही. कारखान्याच्या काट्यावर जे वजन भरेल, तेच वहीत चढते. नीट बांधलेल्या ऑनलाइन खेळात सर्व्हर हाच तो काटा होय. खेळाडूचा मोबाइल फक्त सांगतो की, ‘मी येथे उडी मारली’, ‘मी हे बटण दाबले’. ती उडी नियमात बसते की नाही, नेम लागला की नाही, नाणी किती झाली, हे सर्व्हर ठरवितो. मोबाइलवरील आकडा खोडून त्या जागी दहा हजार लिहिला, तरी पडद्यावर क्षणभर दहा हजार दिसतील, आणि सर्व्हरकडून खरा आकडा येताच ते पुसले जातील. चोरट्या ॲपने बहुधा नाणी मिळत नाहीतच; मोबाइलमधील फोटो, क्रमांक व गुप्त अंक मात्र परक्याच्या हाती पडू शकतात, आणि तो मोबाइल पुष्कळदा आईचा किंवा वडिलांचा असतो. काट्यावरही शेतकरी कधी कधी शंका घेतात आणि तो तपासून घ्यावा असा आग्रह धरतात. सर्व्हर चालविणाऱ्यांकडे तसाच आग्रह धरण्याचा खेळाडूंना पुरा हक्क आहे. (पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना तर २०२५ साली संसदेने कायदा करून मनाईच केली. तो प्रश्न भाषेचा नसून घरे बुडण्याचा होता.)

आता इंग्रजीविषयी. ‘आपले इंग्रजी कच्चे, तेव्हा हे आपल्यासाठी नव्हे,’ असे म्हणून पुष्कळ हुशार मुले उंबऱ्यावरूनच परत फिरतात. गावातील शाळांचे या एका समजाने जेवढे नुकसान केले आहे, तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच केले असेल. पायथनमध्ये आज राखीव शब्द आहेत अवघे पस्तीस. १९८९ साली सी या भाषेचे जे प्रमाण रूप ठरले, त्यात ते बत्तीस होते. ‘इफ’ म्हणजे जर, ‘एल्स’ म्हणजे नाहीतर, ‘व्हाइल’ म्हणजे जोवर. ज्याला इंग्रजीचे पहिले पुस्तक वाचता येते, त्याला एवढे शब्द पाठ करण्यास आठवडाही लागणार नाही. शिवाय खेळातील गुणांना, सोंगट्यांना, खेळाडूंना जी नावे द्यावयाची, ती पायथनमध्ये देवनागरीतही लिहिता येतात. ‘गुण’ हे नाव तेथे चालते. पुढे जाऊन मोठी पुस्तके वाचावयाची, चुकीच्या सूचना समजून घ्यावयाच्या, तर इंग्रजी वाचता येणे उपयोगी पडते, यात शंका नाही. पण ते ज्ञान कामाबरोबर वाढते. ते आधी पुरे करून मगच आत यावे, अशी अट कोणी घातलेली नाही.

या भाषा घडविणारेही सगळे इंग्रजी घरांत वाढले, असे नव्हे. पायथनचे कर्ते गिडो व्हान रॉसम हे नेदरलंडचे. ‘लुआ’ नावाची एक छोटी, चपळ भाषा १९९३ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील विद्यापीठात तिघा पोर्तुगीजभाषिक संशोधकांनी तयार केली. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. आज लक्षावधी मुले ‘रोब्लॉक्स’ या मंचावर स्वतःचे खेळ रचतात, ते या लुआपासून निघालेल्या भाषेतच. गमतीची गोष्ट अशी की, चंद्राचे नाव पोर्तुगीज ठेवूनही त्या तिघांनी आतले राखीव शब्द इंग्रजीच ठेवले, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

इंग्रजीच्या उलट टोकाचा समजही आपल्याकडे मोठ्या अभिमानाने पसरविला जातो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे, असे नासाने सिद्ध केले, असे भाषणांतून सांगितले जाते. याचे मूळ १९८५ सालच्या एका लेखात आहे. नासाच्या एका केंद्रात संशोधन करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी तो लिहिला. वाक्याचा अर्थ यंत्राला समजेल असा कसा मांडावा, या प्रश्नावर संस्कृत वैयाकरणांनी केलेला विचार उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे विचार करण्याजोगे आहे. पण संस्कृतमध्ये खेळ किंवा आज्ञावल्या लिहाव्यात, असा त्याचा अर्थ नव्हे. नासाची याने संस्कृतवर चालत नाहीत. पाणिनीला मोठेपणा देण्यासाठी अशा दंतकथेची गरजही नाही. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे नियम क्रमाने, अपवादांसह, एकमेकांत गुंतवून मांडणे हे काम संगणकाच्या भाषांचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांच्या कामाशी इतके जुळते की, १९६७ साली पी. झेड. इंगरमन या अभ्यासकाने, भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या आधुनिक चिन्हपद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे, अशी सूचना केली होती. खरी गोष्ट एवढी भव्य असताना खोटीचा आधार कशाला घ्यावयाचा, हे समजत नाही.

या सर्व गैरसमजांवर एक बाजार चालतो. ‘महिन्याभरात गेम बनवा, अमुक भाषा शिका, लाखो कमवा’ अशा जाहिराती आता शहरातून तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. उसाचे बिल हाती येताच मुलाच्या शिकवणीचे हजारो रुपये भरून मोकळा होणारा बाप आपल्या मुलाच्या भल्यासाठीच ते भरतो. पण तो जे विकत घेतो, ते बहुधा भाषेचे नाव असते, विद्या नसते. पायथन फुकट मिळते. गोडो नावाचे खेळाचे इंजिन, जे अर्जेंटिनातील दोघा मित्रांनी रचून २०१४ साली सर्वांना खुले केले, तेही फुकट मिळते. खरी अडचण दुसरीच आहे, आणि तिच्याविषयी जाहिरातीत अवाक्षर नसते. मोबाइलवर खेळ खेळणे सोपे, पण लिहिणे फार जिकिरीचे. त्यासाठी कळफलक असलेला संगणक हवा, आणि तो चालू असताना वीज हवी. ज्या शाळेत संगणक आहेत पण खोलीला कुलूप आहे, त्या शाळेतील मुलांनी कोणती भाषा शिकावी हा प्रश्न नंतरचा. आधी त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार गावाला आहे आणि ग्रामसभा ही त्याची जागा आहे.

किल्ली मिळेपर्यंत कागद-पेन्सिलीवर पुष्कळ काम होण्यासारखे आहे. अष्टाचम्मा हा खेळ घ्यावा. पंचवीस घरांचा पट, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चम्मा, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. आणि या दोन दानांवर पुन्हा खेळावयास मिळते. आता हा खेळ दोन मुलांना दोन गावांत बसून खेळता यावा, असा करावयाचा आहे. एक मांडवगण फराट्यात, दुसरा भीमेपलीकडे दौंडला. पहिला प्रश्न: कवड्या कोणी टाकावयाच्या? दौंडच्या मुलाच्या मोबाइलने टाकल्या, तर त्याला दर खेपेला अष्टाच पडेल अशी शंका मांडवगणच्या मुलाला येणार. तेव्हा कवड्या सर्व्हरने टाकल्या पाहिजेत. दुसरा प्रश्न: चार कवड्या सारख्याच शक्यतेने उताण्या किंवा पालथ्या पडतात असे धरले, तर सोळांपैकी एका खेपेला अष्टा पडेल, पण खरी कवडी नाण्यासारखी सपाट नसते. मग शक्यता किती धरावी? त्यासाठी खऱ्या कवड्या दोनशे वेळा टाकून वहीत नोंद करावी लागेल. तिसरा प्रश्न: घरोघरी नियम थोडे निराळे असतात. मारलेली सोंगटी पुन्हा बसावयाला चम्मा हवा की नको, लागोपाठ तीन चम्मे पडले तर दान जळते की नाही, हे दोघांनी खेळापूर्वी ठरविले नाही, तर यंत्राला भांडण मिटविता येत नाही. एकाची पाळी असताना तो उठून जेवावयास गेला, तर दुसऱ्याने किती वेळ वाट पाहावी? आणि डाव ऐन रंगात आला असताना मांडवगणात वीज गेली, टॉवर बंद पडला, तर तो डाव हरला असे धरावयाचे, की राखून ठेवावयाचा? राखून ठेवावयाचा असेल, तर प्रत्येक दान पडताच आणि प्रत्येक सोंगटी हलताच ती नोंद सर्व्हरच्या वहीत लगेच झाली पाहिजे. म्हणजे तासाभराने वीज आली की दोघांच्याही पडद्यावर सोंगट्या जेथल्या तेथे दिसतील, आणि ज्याची पाळी राहिली होती त्याच्यासाठी कवड्या पडतील.